पावसाळ्यात अमोनिया सेन्सरची बेसलाइन सरकते: फायबरचं कोटिंग खरवडण्याआधी काय तपासायचं

पाऊस लागला की कोटिंग केलेल्या ऑप्टिकल फायबरवर, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या काचेच्या तंतूवर, अमोनिया मोजणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. चेंबरमध्ये गॅस सोडलेला नाही, नुसती हवा फिरते आहे, तरी रिडिंग हळूहळू चढत जातं, म्हणजे गॅस नसतानाची मूळ रेषा (बेसलाइन) सरकते. दुपारी ऊन पडलं की थोडं उतरतं, संध्याकाळी सर आली की परत वर. मार्च-एप्रिलमध्ये हाच फायबर सरळ रेषेत चालत होता. मग निष्कर्ष निघतो की कोटिंग खराब झालं. फायबर काढला जातो, नवं सोल (कोटिंगचं द्रावण) बनतं, त्यात आठवडा जातो आणि नव्या फायबरवरही तेच सुरू होतं.

यातली बरीच कोटिंग्ज धडधाकट असतात. त्रास पाण्याच्या वाफेचा असतो, कधी दिव्याचा, कधी गॅसच्या नळीचा. कोटिंगवर संशय घेणं सोपं, कारण ते आपण हाताने केलेलं असतं. पण तपासाच्या क्रमात ते शेवटी यायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

कोणता सेन्सर धरून बोलतो आहे ते आधी सांगतो. प्लॅस्टिक क्लॅडिंगचा (बाहेरच्या आवरणाचा) सिलिका फायबर, कोअर म्हणजे प्रकाश वाहणारा काचेचा गाभा ४०० किंवा ६०० मायक्रॉनचा. मधल्या काही सेंटिमीटरवरचं क्लॅडिंग काढलेलं आणि त्या उघड्या काचेवर सोल-जेलचा, म्हणजे द्रावण घट्ट होऊन बनलेला, सच्छिद्र थर. थरात ब्रोमोक्रेसॉल पर्पल हा रंग अडकवलेला. कोअरमधून जाणाऱ्या प्रकाशाचा थोडा भाग काचेच्या पृष्ठभागाबाहेर काही शे नॅनोमीटर डोकावतो, तिथे त्याची या रंगाशी गाठ पडते. रंग आम्लधर्मी अवस्थेत पिवळा असतो. अमोनिया आला की त्याचा प्रोटॉन जातो, तो जांभळा होतो आणि ५९० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषू लागतो. पलीकडच्या टोकाला तेवढा उजेड कमी पोचतो, त्यावरून आपण पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत गॅसचे किती भाग) काढतो. पॉलिअनिलीन या रंग बदलणाऱ्या पॉलिमरचं कोटिंग असेल तर रंग वेगळे, हिरव्याचा निळा, पण पुढची बरीचशी तपासणी त्यालाही लागू पडते.

ही खटपट कशासाठी, हेही सांगायला हवं. बर्फाचे कारखाने, मासळीची शीतगृहं, दूध डेअऱ्या यांच्या थंड करणाऱ्या यंत्रणेत अमोनियाच फिरत असतो. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत त्याची आठ तासांची मर्यादा २५ पीपीएम दिलेली होती. फायबर सेन्सरच्या टोकाशी वीज लागत नाही, ठिणगीचा प्रश्न नाही, शेजारी कॉम्प्रेसरची मोठी मोटर सुरू झाली तरी सिग्नलमध्ये विद्युत गोंगाट शिरत नाही. हा सेन्सर तिथे खरोखर उपयोगी आहे. पण तिथे बारा महिने ओल असते, त्यामुळे पावसाळ्यातली ही अडचण सोडवल्याशिवाय तो प्रयोगशाळेबाहेर नेता येणार नाही.

आता एक हिशेब डोळ्यांसमोर ठेवा. हवा २८ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, म्हणजे जुलैतला साधा दिवस, तर हवेत पाण्याची वाफ सुमारे ३०,००० पीपीएमच्या वर असते. आपण शोधतो आहोत २५ पीपीएम अमोनिया. अमोनियाच्या एका रेणूमागे पाण्याचे हजाराहून जास्त रेणू कोटिंगच्या दारात उभे असतात. आर्द्रता पाच टक्क्यांनी हलली तर पाण्यातला बदलच दीड-दोन हजार पीपीएमचा होतो. सेन्सर पाण्याला थोडासा जरी भुलला तरी बेसलाइन सरकणारच.

आधी पूर्ण स्पेक्ट्रम बघा

एलईडी आणि फोटोडायोड (उजेड मोजणारा भाग) यांवर काम चालू असेल तर एका दिवसापुरता हॅलोजन दिवा आणि स्पेक्ट्रोमीटर मागून आणा. सरकलेल्या बेसलाइनचा स्पेक्ट्रम, म्हणजे प्रत्येक तरंगलांबीला किती उजेड पोचतो त्याचा आलेख, घ्या आणि चांगल्या दिवसाच्या स्पेक्ट्रमने त्याला भागा. या एका आलेखात निम्मं उत्तर मिळतं.

५९० च्या आसपासच खड्डा पडला आणि ७०० च्या पुढे रेषा जागच्या जागी राहिली, तर रंगाची अवस्था खरोखर बदलली आहे. सगळीच रेषा खाली सरकली, लाल टोकही बसलं, तर रंगाचा त्यात संबंध नाही. प्रकाश वाटेत कुठेतरी गळतो आहे किंवा दिवाच मंदावला आहे.

पावसाळ्यात दिसतो तो बहुधा दुसरा प्रकार. कारण असं: सोल-जेलच्या थरात सूक्ष्म छिद्रं असतात आणि कोरड्या दिवसांत त्यांत हवा असते. हवेचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) १.००, त्यामुळे थराचा सरासरी अपवर्तनांक काचेच्या १.४६ पेक्षा खाली राहतो आणि प्रकाश कोअरमध्ये कोंडलेला राहतो. दमट हवेत त्याच छिद्रांमध्ये पाणी जमतं. पाण्याचा अपवर्तनांक १.३३. थराचा सरासरी आकडा वर चढतो, कोअरच्या जवळ जातो आणि तिरपे जाणारे किरण बाहेर निसटू लागतात. फोटोडायोडला फक्त एवढंच कळतं की उजेड कमी झाला. तो उजेड रंगाने खाल्ला की छिद्रातल्या पाण्याने सोडून दिला, हे एका तरंगलांबीवर मोजून कधीच कळणार नाही.

म्हणून ज्यांच्याकडे अजून एकच एलईडी आहे त्यांना माझी विनंती आहे की दुसरा लावा. एक ५९० चा आणि एक ७५० ते ८५० च्या पट्ट्यातला, जिथे हा रंग काही शोषत नाही. दोघांचं गुणोत्तर घ्या. फायबर वाकल्यामुळे, कनेक्टरवर धूळ बसल्यामुळे किंवा छिद्रांत पाणी भरल्यामुळे होणारी बरीचशी गळती भागाकारात उडून जाते. पूर्ण जात नाही, कारण गळतीही तरंगलांबीनुसार थोडी बदलते.

बिनरंगाचा जोडीदार फायबर

ही तपासणी सगळ्यांत स्वस्त, आणि सगळ्यांत कमी लोक करतात. ज्या दिवशी रंगाचं सोल बनवाल त्याच दिवशी त्याच प्रमाणात बिनरंगाचं सोल बनवा. त्याच वेगाने, त्याच खोलीत दुसरा फायबर बुडवून काढा. दोघांना एकाच चेंबरमध्ये शेजारी-शेजारी ठेवा आणि प्रकाश एकाच दिव्यातून दोघांत वाटून द्या.

दोन्ही रेषा हातात हात घालून सरकल्या तर दोष पाणी, तापमान किंवा दिवा यांच्यापैकी कुणाचातरी आहे. बिनरंगाचा स्थिर आणि रंगाचाच सरकतो, तर बाब रसायनाची. आणि बिनरंगाच्या फायबरलाच अमोनिया सोडल्यावर मोठा प्रतिसाद दिसला, तर तुमच्या गॅसच्या ओळीत आर्द्रता किंवा दाब बदलतो आहे असं समजा. गॅसचा व्हॉल्व्ह उघडताना कोरड्या सिलिंडरची हवा आत येते, आर्द्रता झपकन पडते आणि आपण त्यालाच अमोनियाचा सिग्नल समजून आलेख काढत बसतो.

काही जण सेन्सरवर फुंकर मारून बघतात. फुंकर दमट असते, गरम असते, तिच्यात सुमारे चार टक्के कार्बन डायऑक्साइड असतो आणि किंचित अमोनियाही असतो. फायबर जिवंत आहे एवढं त्यातून कळतं, बाकी काही नाही.

पाण्याचा परिणाम आकड्यात हवा असेल तर संपृक्त क्षारांच्या बरण्या करा. झाकणाच्या बरणीत क्षार आणि थोडं पाणी घालून लगदा करायचा, तळाशी न विरघळलेला क्षार दिसत राहिला पाहिजे. २५ अंशांना मॅग्नेशियम क्लोराइडवरची हवा ३३ टक्के, सोडियम क्लोराइडवरची ७५ टक्के आणि पोटॅशियम सल्फेटवरची ९७ टक्के आर्द्रतेला स्थिरावते. मीठ प्रयोगशाळेतलं घ्या, स्वयंपाकघरातल्या मिठात ते मोकळं राहावं म्हणून इतर पदार्थ मिसळलेले असतात. फायबर लगद्याला न टेकता वर टांगा आणि बरणी काही तास बंद राहू द्या. घाई केली तर आकडा चुकतो. या बरण्यांमध्ये अमोनिया मात्र सोडू नका. तो लगद्यातल्या पाण्यात विरघळून जाईल आणि मोजायला काही उरणार नाही.

दिवा आणि खोली

हा भाग थोडक्यात. पिवळ्या-अंबर एलईडीचा उजेड तापमानाने बराच घसरतो, म्हणून त्याला स्थिर करंट द्या, अर्धा तास तापू द्या आणि मगच शून्य घ्या. उघड्या कोटिंगवर खोलीतला प्रकाश पडला की त्यातला थोडा फायबरमध्ये शिरतो. दुपारी खिडकीतून ऊन आत आलं की बेसलाइन हलते ती अनेकदा यामुळेच. चेंबरवर काळं कापड टाका, आणि शक्य असेल तर एलईडी एक किलोहर्ट्झच्या आसपास चालू-बंद करून तेवढ्याच वारंवारतेवर मोजा. ट्यूबलाइटची सेकंदाला शंभर वेळा होणारी लुकलुक त्यात आपोआप गळून पडते. कनेक्टरचं तोंड सूक्ष्मदर्शकाखाली बघून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

फायबर धरून ठेवणाऱ्या गोंदाकडे मात्र नीट बघा. एपॉक्सी ओलाव्याने किंचित फुगतं आणि फायबर सूक्ष्म प्रमाणात वाकवतं. गोंद थेट उघड्या कोअरवर लागला असेल तर आणखी वाईट, कारण त्याचा अपवर्तनांक काचेपेक्षा जास्त असतो आणि तिथून प्रकाश सरळ बाहेर जातो. आधार नेहमी क्लॅडिंग शाबूत असलेल्या भागावर द्यायचा.

एसी लावल्यावर जास्त बिघडतं, असं का?

पावसाळ्यात खोली थंड केली की सगळं सुधारेल असं वाटतं. बाहेरची हवा २८ अंश आणि ८५ टक्के असेल तर तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचं पाणी होऊ लागतं तो आकडा, सुमारे २५ अंश असतो. एसी २२ वर आहे आणि पंप खिडकीबाहेरची हवा ओढतो आहे. नळीत शिरताच ती हवा दवबिंदूच्या खाली जाते. पारदर्शक नळीला आतून धुकं धरतं, मग बारीक थेंब जमतात, वाकलेल्या जागी पाणी साठतं. त्या पाण्यातून येणारा अमोनिया आधी तिथेच विरघळतो आणि नंतर कधीतरी हळूहळू सुटतो. गॅस बंद केल्यावरही रिडिंग तासभर रेंगाळतं त्याचं एक कारण हेच. शीतगृहातही असंच होतं, तिथे दार उघडल्यावर बाहेरची दमट हवा थंड फायबरवर येऊन आदळते.

उपाय उलट दिशेचा आहे: चेंबर थोडं गरम ठेवा. वरचीच हवा ४० अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ४४ टक्क्यांवर येते. पाण्याचे रेणू तेवढेच राहतात, पण छिद्रांमध्ये साचण्याची त्यांची ओढ निम्म्यावर येते. शिवाय तापमान स्थिर झाल्याने त्याच्या चढउतारामुळे बेसलाइन सरकण्याचा त्रासही मिटतो. याची किंमत मोजावी लागते. गरम थराला अमोनिया कमी चिकटतो, म्हणून प्रतिसाद लहान होतो, पण शून्यावर परतणं लवकर होतं. कॅलिब्रेशन त्याच तापमानाला नव्याने करायचं, २५ अंशांचा जुना आलेख इथे चालणार नाही. ज्या ठिकाणी सेन्सरजवळ वीज नको, तिथे कोमट पाणी फिरवणारं आवरण वापरता येतं.

हवा कोरडी करताना गॅसच हरवतो

दमटपणावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे वाटेत कोरडं करणारी नळी लावणं. इथे बारावीचं रसायनशास्त्र आठवा. अमोनिया कोरडा करायला कॅल्शियम क्लोराइड वापरत नाहीत, कारण ते अमोनियाला धरून ठेवतं आणि त्याच्याशी संयुग करतं. संहत सल्फ्युरिक आम्ल आणि फॉस्फरस पेंटॉक्साइडही बाद. सिलिका जेल सगळीकडे सहज मिळतं, पण तेही अमोनिया शोषतं. पहिल्या दिवशी सेन्सर काहीच दाखवत नाही, जेल भरलं की मग उशिरा दाखवतो, आणि दोष लागतो कोटिंगला. अमोनियासाठी चुनकळी म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड हाच जुना आणि बरोबर पर्याय आहे.

पण पूर्ण कोरडी हवाही या सेन्सरला मानवत नाही. रंगाने प्रोटॉन सोडून अमोनियम तयार व्हायला थरात थोडं पाणी लागतं. अगदी कोरड्या नायट्रोजनमध्ये सोडलेल्या अमोनियाला प्रतिसाद लहान आणि संथ येतो. म्हणजे आर्द्रता शून्यावर न नेता एका आकड्यावर धरून ठेवायची. चाळीस-पन्नास टक्के ठीक. चाचणीच्या मांडणीत हवेचा मुख्य प्रवाह आधी बबलरमधून (पाण्यातून बुडबुडे काढणाऱ्या बाटलीतून) नेऊन दमट करा आणि अमोनियाचा कोरडा प्रवाह त्याला पुढे, चेंबरच्या तोंडाशी जोडा. अमोनिया कधीही बबलरमधून नेऊ नका. २० अंशांना एक लिटर पाण्यात जवळपास ७०० लिटर अमोनिया मावतो, कारंज्याच्या प्रयोगात चंबूत पाणी का उसळतं ते आठवेल.

नळ्याही टेफ्लॉनच्या घ्या आणि आखूड ठेवा. सिलिकॉन रबराच्या नळीत अमोनिया मुरतो आणि नंतर सुटत राहतो.

एवढं करूनही सरकतंच, तर कोटिंग

आता थर सूक्ष्मदर्शकाखाली घ्या. भेगाळलेल्या शेतासारखी जाळी दिसली तर थर फार जाड झाला किंवा फार घाईने वाळला. फायबर सोलमधून जितका हळू वर काढाल तितका थर पातळ बसतो. नंतर तो खोलीच्या तापमानाला दोन-तीन दिवस वाळू द्यावा, लगेच ओव्हनमध्ये टाकू नये. जाड थरात गॅस आत जायला आणि बाहेर यायला वेळ लागतो, म्हणून शून्यावर परतणं रेंगाळतं.

थर दुधाळ, पांढुरका दिसत असेल तर तो दमट दिवशी बुडवला गेला आहे. इथेनॉल उडताना फायबरचा पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. कोटिंग करायच्या खोलीत आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली असावी. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी शक्य असेल तर वर्षभराची कोटिंग्ज हिवाळ्यातच करून ठेवावीत.

रंग धुपतो आहे का तेही बघा. खराब होत आलेला फायबर थोड्या पाण्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी ते पाणी पांढऱ्या कागदासमोर धरा. किंचित पिवळी झाक दिसली किंवा अमोनियाचा थेंब टाकल्यावर पाणी जांभळं झालं, तर रंग थरातून निसटतो आहे. हा फायबर वाचवता येत नाही. पुढच्या वेळी सोलमध्ये टेट्राइथॉक्सिसिलेन या नेहमीच्या कच्च्या मालासोबत मिथाइलट्रायइथॉक्सिसिलेन मिसळा. मिथाइल गटांमुळे छिद्रांच्या भिंती पाण्याला दूर ठेवतात आणि बेसलाइनवरचा आर्द्रतेचा परिणाम दिसण्याइतका कमी होतो. मिथाइलचं प्रमाण फार वाढवलं तर अमोनियाचा प्रतिसादही मंदावतो, तेव्हा दोन-तीन प्रमाणं करून पाहावी लागतील. चेंबरच्या तोंडाला टेफ्लॉनचा सच्छिद्र पडदा लावल्यास थेंब आणि धूळ थांबते. वाफ थांबत नाही, ती अपेक्षा ठेवू नका.

ज्यांच्याकडे अमोनियाऐवजी हायड्रोजनसाठी पॅलेडियमचं कोटिंग आहे त्यांचा त्रास वेगळा. हा प्रकार जुना आहे, १९८४ मध्ये अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेच्या बटलर यांनी तो दाखवला. पॅलेडियम हायड्रोजन शोषून फुगतं आणि फायबरला ताणतं. फायबरवर ब्रॅग ग्रेटिंग (एकच तरंगलांबी परत पाठवणारी, फायबरमध्ये कोरलेली जाळी) असेल तर १५५० नॅनोमीटरला तापमानाच्या प्रत्येक अंशामागे शिखर सुमारे १० पिकोमीटर सरकतं, आणि पातळ थरावर हायड्रोजनचा सिग्नल कित्येकदा त्याच मापाचा असतो. शेजारी बिनपॅलेडियमचं ग्रेटिंग ठेवल्याशिवाय त्या आकड्यावर विसंबू नका. वारंवार फुगून-आकसून शुद्ध पॅलेडियमचा थर फोड येऊन सुटतो. त्यात चांदी किंवा निकेल मिसळलेला मिश्रधातू जास्त टिकतो.

एक शक्यता शेवटी तपासतात, ती आधी तपासावी असं मला वाटतं: खोलीत खरोखरच अमोनिया असेल. स्वच्छतागृह शेजारी आहे का, काचा पुसायच्या द्रावणात अमोनिया आहे का, कुणी शेजारच्या टेबलावर अमोनियाची बाटली उघडली होती का, हे विचारून घ्या. रोज सकाळी ठरावीक वेळीच रिडिंग चढत असेल तर साफसफाईची वेळ आणि आलेख एकमेकांवर ठेवून बघा. तसं असेल तर सेन्सर आपलं काम चोख करतो आहे.

तयार फायबर साठवताना त्यांना सिलिका जेलच्या बंद डब्यात, अंधारात, अमोनियाच्या बाटल्यांपासून दूर ठेवा. डब्यातून काढल्यावर लगेच मोजू नका. थराला खोलीच्या आर्द्रतेशी जुळायला वेळ द्या, बिनरंगाच्या जोडीदाराची रेषा सपाट झाली की मग शून्य घ्या.